शेतकऱ्याचा स्वतःचा ब्लॉग : आरंभ व निगा

गेल्या पाच वर्षांत गावी पेरणीयोग्य पाऊस कोणकोणत्या तारखांना झाला, असा प्रश्न केला असता बहुतेक शेतकरी नक्षत्राचे नाव सांगतात, एखादे दुष्काळी किंवा अतिवृष्टीचे ठळक वर्ष सांगतात आणि उरलेल्या वर्षांबाबत अंदाजावर येतात. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. एक हंगाम संपतो न संपतो तोच दुसरा डोक्यावर येतो, आणि केवळ स्मरणावर विसंबणाऱ्या मनुष्यास दोन वर्षांपूर्वीचा पाऊस व चार वर्षांपूर्वीचा पाऊस वेगळा काढणे कठीण जाते. ज्याने वही ठेवली त्याची ही अडचण दूर होते. तथापि ती वही त्याच्या घरच्या फळीवरच राहते. शेजारच्या गावी तशीच जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यास तिचा काही उपयोग होत नाही.

तारीखवार वही ठेवणे आणि ती इतरांस वाचावयास खुली करणे, ही दोन्ही कामे एकत्र साधणारे साधन आज शेतकऱ्याच्या हातातील फोनवरच उपलब्ध आहे. त्यास ब्लॉग म्हणतात. मराठीत त्याला अनुदिनी किंवा जालनिशी अशीही नावे आहेत, परंतु बोलण्यात ब्लॉग हाच शब्द रुळला आहे. ब्लॉग उघडण्याचे काम तासाभराचे आहे व त्यास पैसे पडत नाहीत. खरे काम त्यानंतरचे, म्हणजे त्यात काय लिहावे, कसे लिहावे आणि काय लिहू नये हे ठरविण्याचे आहे. म्हणून येथे आरंभाच्या कृतीपेक्षा त्या विचारास अधिक जागा दिली आहे.

साध्या नोंदीचे मोल

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. त्याने इ. स. १७३६ पासून आपल्या मळ्यावरील वसंत ऋतूच्या खुणा लिहून ठेवण्यास आरंभ केला. कोणत्या झाडास पालवी कोणत्या दिवशी फुटली, कोणता पक्षी प्रथम केव्हा दिसला, एवढेच तो लिहीत असे. त्याच्या मागे त्याच्या वंशजांनी हा क्रम १९५८ पर्यंत चालविला. हवामानात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना या घरगुती नोंदी पुढे फार उपयोगी पडल्या; कारण दोन शतकांच्या तारखा अन्यत्र क्वचितच मिळतात. मार्शमने त्यात मोठे सिद्धान्त मांडले नव्हते. त्याने तारीख लिहिली आणि जे दिसले ते लिहिले.

अलीकडचे उदाहरण पाहावयाचे तर मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे घेता येईल. ही कीड भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही येऊन पोचली. नवी कीड अशी पसरत असता ती कोणत्या गावी, कोणत्या आठवड्यात, पिकाच्या कोणत्या अवस्थेत दिसली, ही माहिती नियंत्रणाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची असते. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख कोणाही शेतकऱ्यास पटण्यासारखी आहे. अशा अळीचे स्पष्ट छायाचित्र, तारीख व गाव ज्याने त्याच दिवशी प्रसिद्ध केले, त्याने आसपासच्या दहा गावांचे काम केले असे म्हणावयास हरकत नाही.

ब्लॉग व निरोपांचे गट यांतील भेद

गावोगाव व्हॉट्सॲपचे गट आहेत व शेतीविषयक छायाचित्रे त्यांवर रोज येतात. मग निराळा ब्लॉग कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. गटावरील निरोप ओढ्याच्या पाण्याप्रमाणे पुढे वाहून जातो. आज विचारलेल्या प्रश्नास आज उत्तर मिळण्यास तो उत्तम; परंतु मागील वर्षाच्या ऑगस्टमध्ये तुरीवर काय पडले होते हे त्यात शोधू गेल्यास हाती बहुधा काही लागत नाही. शिवाय गटाबाहेरच्या मनुष्यास तो दिसतच नाही, आणि मूळ कोणी, कोठे व केव्हा लिहिले हे पुढे ढकललेल्या निरोपातून पुसून जाते.

ब्लॉगवरील प्रत्येक नोंदीस स्वतःची तारीख व स्वतःचा पत्ता असतो. नवी नोंद सर्वांत वर येते आणि जुन्या नोंदी महिन्यावार व वर्षवार रचून राहतात. वाचणाऱ्यास कोणतेही खाते उघडावे लागत नाही, आणि गूगलसारख्या शोधयंत्रातून त्या नोंदी दूरच्या वाचकासही सापडू शकतात. वेबलॉग, म्हणजे जालावरील रोजनिशी, हा शब्द १९९७ मध्ये अमेरिकेत प्रचारात आला आणि त्याचेच १९९९ मध्ये ब्लॉग असे लघुरूप झाले. त्याच वर्षी ब्लॉगर ही विनामूल्य सेवा निघाली. ती २००३ मध्ये गूगलने विकत घेतली. वर्डप्रेस ही दुसरी मोठी प्रणालीही २००३ चीच. दोन्ही चांगल्या आहेत. मात्र नवशिक्याने ब्लॉगरपासून आरंभ करणे सोयीचे, कारण अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांजवळ गूगलचे खाते बहुधा आधीपासूनच असते, आणि ब्लॉग उघडण्यास तेवढे खाते पुरते.

खाते कोणाचे असावे

हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पुष्कळ ब्लॉग येथेच बुडतात. उत्साही कार्यकर्ता गावात येतो, स्वतःच्या खात्यावर शेतकऱ्याचा ब्लॉग उघडून देतो, दोन-तीन नोंदीही स्वतःच लिहितो आणि बदली होताच निघून जातो. मागे राहिलेल्या शेतकऱ्यास स्वतःच्याच ब्लॉगचे दार उघडता येत नाही. म्हणून खाते शेतकऱ्याच्याच नावाचे असावे, सांकेतिक शब्द त्यानेच ठरवावा व तो कार्यकर्त्याने विचारूही नये. खात्यास जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू असावा. सीमकार्ड बदलले की पुष्कळ जण खात्यातील क्रमांक बदलावयाचे विसरतात, आणि सांकेतिक शब्द हरवल्यावर खाते परत मिळविण्याचा मार्ग त्या जुन्या क्रमांकावरूनच जात असतो. एक दुसरा ईमेल पत्ता, घरातील मुलाचा किंवा मुलीचा, आधारास जोडून ठेवणे इष्ट.

ब्लॉग उघडून देण्यासाठी शुल्क मागणारे मध्यस्थही भेटतात. या कामास कोणतेही शुल्क नाही, हे कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगावे.

नाव, पत्ता व मांडणी

फोनवरील ब्राउझरमधून ब्लॉगर डॉट कॉम हे स्थळ उघडून गूगलच्या खात्याने आत शिरल्यावर क्रमाने तीन गोष्टी विचारल्या जातात: ब्लॉगचे शीर्षक, त्याचा पत्ता आणि लिहिणाऱ्याचे नाव. शीर्षक देवनागरीत देता येते व पुढे केव्हाही बदलता येते. पत्ता मात्र रोमन अक्षरांत द्यावा लागतो व त्यापुढे ब्लॉगस्पॉट डॉट कॉम हे शब्द आपोआप जोडले जातात. पत्ता पुढे बदलता येतो खरा, परंतु बदलल्यावर जुन्या पत्त्यावर येणारा वाचक रिकाम्या हाताने परत जातो. तेव्हा पत्त्याचा विचार आधीच करावा.

पत्ता फोनवर एकदा सांगितला असता ऐकणाऱ्यास बिनचूक लिहिता यावा, ही त्याची कसोटी होय. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना प्रत्येकाची रीत निराळी असते. ‘वावर’ हा शब्द कोणी डब्ल्यूने लिहील, कोणी व्हीने; ‘शेती’च्या शेवटी कोणी एक आय लिहील, कोणी दोन ई लिहितील. अशी शंका ज्यात येत नाही असा आखूड शब्द निवडावा. पिकाचे, वर्षाचे किंवा एखाद्या योजनेचे नाव पत्त्यात घालू नये. पीक बदलते, योजना संपते, आणि कापसाच्या नावाच्या पत्त्यावर मोसंबीच्या नोंदी लिहिण्याचा प्रसंग येतो.

पुढे मांडणीचे अनेक नमुने दाखविले जातात. त्यांपैकी जो सर्वांत साधा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या मोठ्या अक्षरांचा, तो घ्यावा. वाचक फोनच्या लहान पडद्यावर, बहुधा उन्हात उभा राहून वाचणार आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन काल-विभाग भारतीय प्रमाणवेळेचा आहे की नाही हे पाहावे. तो परदेशी राहिल्यास सकाळी लिहिलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते, आणि ज्या वहीचा सारा उपयोग तारखेवर अवलंबून आहे तिच्यात हा दोष चालणार नाही. वाचकांचे अभिप्राय मंजुरीनंतरच दिसतील अशी सोयही तेथेच आहे. ती लावून ठेवावी, म्हणजे बियाणे व खते विकणाऱ्यांच्या जाहिराती त्या वाटेने घुसत नाहीत.

स्वतःचे स्वतंत्र डोमेन नाव विकत घेण्याचा आग्रह आरंभी धरू नये. त्याचे भाडे दरवर्षी द्यावे लागते, पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारा दर दुसऱ्या वर्षी पुष्कळदा वाढतो, आणि भाडे चुकले की नाव हातचे जाते. दोन-तीन हंगाम नेमाने लिहून झाल्यावर त्याचा विचार करण्यास हरकत नाही.

देवनागरी लेखन

पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी निरनिराळे फॉन्ट वापरीत. ज्या संगणकावर तो विशिष्ट फॉन्ट नसे तेथे त्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ उमटे. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ पासून देवनागरीस जागा आहे व आजचे फोन त्याच संकेतात लिहितात. त्यामुळे फोनवर लिहिलेले मराठी कोठेही वाचता येते व शोधताही येते. मात्र एखाद्या संस्थेकडील जुन्या टंकलिखित मजकुरातून उतारा घेऊन ब्लॉगवर चिकटवावयाचा असेल तर तो युनिकोडमध्ये आहे ना, हे तपासून घ्यावे.

ज्यांना अक्षरे टंकणे जड जाते त्यांनी बोलून लिहिण्याची सोय वापरावी. गूगलच्या कळफलकात ती मराठीसाठी २०१७ पासून आहे. शेताच्या बांधावर उभे राहून चार वाक्ये बोलली तर ती अक्षरांत उतरतात. परंतु अंक, मापे व वाणांची नावे यांत यंत्र चुकते, म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी तेवढी तरी डोळ्यांखालून घालावीत. तीस किलोचे तीनशे किलो झालेले वाचकास कळेलच असे नाही. शुद्धलेखनाची धास्ती मात्र कोणी बाळगू नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून पावसाचे मिलिमीटर चुकत नाहीत.

नोंद कशी असावी

पहिली नोंद शेताच्या ओळखीची असावी. गाव व तालुका, जमीन हलकी, मध्यम की भारी, मातीचा थर किती खोल, पाण्याची सोय कोणती, एकूण क्षेत्र किती व सध्या कोणती पिके, एवढे त्यात आले की पुरे. पुढील प्रत्येक नोंद वाचणारा शेतकरी स्वतःच्या जमिनीशी तुलना करू पाहतो, आणि त्या तुलनेचा पाया ही पहिली नोंद असते. भारी काळ्या जमिनीतील अनुभव मुरमाड जमिनीवर जसाच्या तसा लागू पडत नाही, हे सांगावयास नको.

त्यानंतर आठवड्यातून एक नोंद पुरेशी होते. सोयाबीनसारखे सुमारे शंभर दिवसांचे पीक धरले तर चौदा-पंधरा नोंदींत पेरणीपासून मळणीपर्यंतची हकीकत पूर्ण होते. रोज लिहीन असा निश्चय करून पंधराव्या दिवशी थांबण्यापेक्षा दर रविवारी सायंकाळी दहा ओळी लिहिणे अधिक टिकते.

पुष्कळ ब्लॉगांवर पुढील प्रकारची वाक्ये आढळतात: ‘यंदा पाऊस चांगला झाला. सोयाबीन जोमात आहे. नवीन वाण फार उत्तम.’ यातून वाचकास काहीच मिळत नाही. चांगला म्हणजे किती, जोमात म्हणजे काय, उत्तम कोणत्या तुलनेत, हे सारे अधांतरी राहते. तीच गोष्ट खालीलप्रमाणे लिहिता येईल. हा केवळ नमुना आहे.

‘दि. २४ जून. हंगामाचा आजवरचा पाऊस ९२ मि.मी. विहिरीजवळचे वावर, दीड एकर, मध्यम काळी जमीन. घरचे बियाणे; ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून पाहिले, ७४ उगवले. एकरी ३० किलो प्रमाणे ४५ किलो बियाणे, बीजप्रक्रिया करून, दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर ठेवून पेरले. खोली ३ ते ४ सें.मी.’

‘दि. ४ जुलै. पेरणीनंतर सहा दिवस पाऊस नाही. पाच ठिकाणी एक मीटर ओळ मोजली. सरासरी ११ रोपे. मागील वर्षी याच सुमारास १८ होती. दक्षिणेकडील उथळ पट्ट्यात उगवण सर्वांत विरळ. नांग्या भरल्या.’

दुसऱ्या नोंदीत अपयश आहे, आणि तीच दोहोंत अधिक उपयोगी आहे. उथळ पट्ट्यात पेरणीनंतर पावसाचा खंड पडला तर काय होते, हे ती दुसऱ्यास सांगते. यशोगाथा छापणारे पुष्कळ आहेत. फसलेल्या पेरणीची, अंगावर आलेल्या खर्चाची, चुकलेल्या अंदाजाची तारीखवार हकीकत मात्र क्वचितच कोणी लिहितो. मग तीच चूक पुढल्या वर्षी पलीकडच्या गावात नव्याने केली जाते. लाज वाटते म्हणून वाईट हंगाम गाळून टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या ब्लॉगवर चांगल्या हंगामाचाही विश्वास बसत नाही.

अशा नोंदींचा लाभ प्रथम स्वतःस होतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या. अशा तक्रारीच्या चौकशीत बियाण्याच्या खरेदीची पावती, पिशवीवरील खूणचिठ्ठी, लॉट क्रमांक, पेरणीची तारीख, खोली व त्या सुमाराचा पाऊस या गोष्टींना महत्त्व असते. घाईच्या दिवसांत पिशवी फेकली जाते व पावती भिजून जाते. पेरणीच्याच दिवशी पावती व खूणचिठ्ठी यांची छायाचित्रे काढून ठेवणारा आणि त्या दिवसाची नोंद लिहिणारा शेतकरी अशा वेळी चाचपडत नाही. मात्र ब्लॉगवरील तारीख लिहिणाऱ्यास मागाहून बदलता येते. म्हणून ती एकटी पुरावा ठरेल असे समजू नये व मूळ कागद जपून ठेवावेत.

पाऊस मोजण्यास पर्जन्यमापक नसल्यास सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी, झाडाझुडपांपासून दूर ठेवावा व रोज सकाळी ८-३० वाजता त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजून डबा रिता करावा. खोली जितके मिलिमीटर तितका पाऊस. तालुक्याच्या केंद्रावरील आकडा व स्वतःच्या शिवारातील आकडा यांत पुष्कळदा आश्चर्य वाटण्याइतका फरक पडतो.

उत्पन्नाचा आकडा लिहिताना अधिक सावध असावे. चांगल्या कोपऱ्यातील चार ओळी कापून त्यावरून एकरी उतारा काढण्याची रीत अनेकांत आहे. तीमुळे वाचणाऱ्याची फसगत होते. संपूर्ण क्षेत्राचे वजन करून त्यास क्षेत्राने भागावे. खर्चात घरच्या माणसांची मजुरी व घरच्या बैलांचे दिवस धरले आहेत की नाहीत, हे स्पष्ट लिहावे. एकर, गुंठे व हेक्टर यांची सरमिसळ करू नये; चाळीस गुंठ्यांचा एक एकर व सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर हे खरे, पण एका ब्लॉगवर एकच माप चालवावे.

छायाचित्रे दोन-तीनच घालावीत, परंतु ती कामाची असावीत. पानावरील ठिपका किंवा अळी दाखवावयाची असेल तर तिच्याशेजारी पेन अथवा पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. एक छायाचित्र जवळून, एक संपूर्ण झाडाचे आणि एक वावराचे, असा क्रम ठेवल्यास दूरवरच्या तज्ज्ञासही रोगाचा अंदाज करता येतो. दर आठवड्यास एकाच खुणेच्या दगडावर उभे राहून वावराचे छायाचित्र घेण्याची सवय लावल्यास पिकाची वाढ शब्दांवाचून दिसते.

प्रत्येक नोंदीस लेबल म्हणजे खूणशब्द जोडण्याची सोय आहे. पिकाचे नाव, वावराचे नाव व हंगाम असे तीन खूणशब्द पुरेत. मग ‘तूर’ या शब्दावर बोट ठेवताच तुरीच्या सर्व वर्षांच्या नोंदी एकत्र पुढे येतात. येथे मात्र लेखनात एकवाक्यता हवी. एकदा ‘सोयाबीन’ व एकदा ‘सोयाबिन’ लिहिल्यास यंत्र ती दोन निराळी पिके समजते. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे नोंदीचा स्वतंत्र पत्ता. शीर्षक देवनागरीत असल्यास ब्लॉगर त्या नोंदीस अर्थहीन रोमन अक्षरांचा पत्ता देतो. प्रसिद्ध करण्यापूर्वी उजव्या बाजूच्या पर्यायांत जाऊन तेथे पीक व महिना सुचविणारे रोमन शब्द घालता येतात. नोंद प्रसिद्ध झाल्यावर, ती मागे घेतल्याखेरीज, ते बदलता येत नाहीत.

काय लिहू नये

फवारणीविषयी लिहिताना शेतकऱ्याच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांस रुग्णालयात दाखल करावे लागले. दाट व उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव आणि निरनिराळी कीटकनाशके एकत्र मिसळण्याची रीत, ही त्या वेळी पुढे आलेली कारणे होत. कीटकनाशकास औषध म्हणण्याची सवय सर्वत्र पडली आहे, आणि त्या शब्दाने त्यातील विषाचा विसर पडतो. ‘अमुक दोन औषधे मिसळून मारली, दोन दिवसांत अळी साफ’ असे एक वाक्य ब्लॉगवर राहिले तर ते कोणत्या गावी, कोणत्या मजुराच्या पाठीवरच्या पंपात जाऊन पोचेल हे लिहिणाऱ्यास कधीच कळणार नाही. निरोप वाहून जातो. ब्लॉगवरील नोंद वर्षानुवर्षे तेथेच राहते व शोधणाऱ्यास सापडत राहते.

म्हणून फवारणीची नोंद लिहावयाची ती झालेल्या कामाची हकीकत म्हणून लिहावी, सल्ला म्हणून नव्हे. वेष्टनावर छापलेले घटकाचे नाव, वेष्टनावरीलच मात्रा, तारीख, वेळ, वारा आणि नंतर काय दिसले, एवढे लिहावे. मिश्रणे सुचवू नयेत. वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग लिहावा. लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा असतो, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. वाचकाने प्रश्न विचारल्यास त्यास नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या विनाशुल्क क्रमांकाकडे पाठवावे. उत्तर माहीत असले तरी त्याचे शेत आपण पाहिलेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी मर्यादा खाजगी माहितीची. सातबारा, आधारपत्र, बँकेचे पासबुक किंवा कर्जाची कागदपत्रे यांचे छायाचित्र ब्लॉगवर कदापि घालू नये. वरील पावतीचे छायाचित्रही फोनमध्येच असू द्यावे. शेजाऱ्याच्या वावरातील रोगाचे छायाचित्र त्यास विचारल्याशिवाय घालू नये, कारण त्याचा माल बाजारात जावयाचा असतो. फोनने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद लपलेली असू शकते. घराची व गोठ्याची जागा उघड करावयाची नसेल तर कॅमेऱ्यातील ती सोय बंद करावी.

दुसऱ्याच्या मजकुराबाबत एवढेच की, कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये लेखाचा किंवा छायाचित्राचा हक्क नोंदणीवाचूनही ते करणाऱ्याकडेच असतो. वृत्तपत्रातील लेख उचलून ब्लॉग भरण्यात अर्थ नाही. उलट, शेतकऱ्याने स्वतः लिहिलेल्या नोंदींवरचा हक्कही त्याचाच असतो, हेही त्यास सांगावे.

काही दिवस लेखन चालल्यावर, एखाद्या खताची किंवा वाणाची स्तुती लिहिल्यास मोबदला देऊ, असे सांगणारे भेटण्याचा संभव असतो. पैसे वा फुकट माल घेतला असेल तर त्याच नोंदीत तसे स्पष्ट लिहावे. जाहिरातींपासून उत्पन्न मिळेल या आशेने ब्लॉग उघडू नये; गावाकडच्या ब्लॉगास तेवढे वाचक मिळणे दुर्मीळ असते.

जतन

विनामूल्य मिळालेली जागा कायमची असते असे नव्हे. याहू कंपनीची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर लोकांनी हौसेने मांडलेली असंख्य पाने नाहीशी झाली. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये संपूर्ण मजकुराची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. खरीप संपल्यावर एकदा व रब्बी संपल्यावर एकदा ती प्रत घेऊन निराळ्या जागी ठेवावी. त्या प्रतीत छायाचित्रे येत नाहीत; ती वेगळी जपावी लागतात. कागदाची वहीही सोडू नये. शेतात चिखलाच्या हातांनी लिहावयास तीच बरी, आणि रविवारी तिच्यावरूनच ब्लॉग लिहिता येतो.

दोन वर्षे अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, आणि खात्याबरोबर ब्लॉगही जाऊ शकतो. तेव्हा लेखन थांबले तरी वर्षातून एक-दोन वेळा खाते उघडावे. शेतकऱ्याच्या पश्चात काय, याचीही व्यवस्था तेथेच आहे. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थेसाठी एक पर्याय आहे; त्यात विश्वासातील व्यक्तीचा ईमेल पत्ता व मुदत लिहून ठेवली म्हणजे खाते तितका काळ निपचित राहिल्यावर त्या व्यक्तीस कळविले जाते व ठरवून दिलेली माहिती तिच्या हाती येते. जमीन पुढे ज्याने कसावयाची त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव तेथे घालावे, आणि ही गोष्ट त्यास आजच सांगून ठेवावी.